शिक्षा संपते, व्यसन संपत नाही



'याला येरवड्याला पाठवायला हवं' असं कुणाबद्दल म्हटलं, की मराठी माणूस त्याचे दोन अर्थ काढतो. एक तर त्याचं डोकं ठिकाणावर नाही, नाहीतर त्याची जागा तुरुंगात आहे. मनोरुग्णालय आणि मध्यवर्ती कारागृह या दोन्ही गोष्टी येरवड्यातच असल्यामुळे हा वाक्प्रचार असा दुहेरी झाला. याच मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. गर्दचा विळखा तेव्हा मुंबई-पुण्याच्या वस्त्यांना नुकताच बसू लागला होता. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पुढाकार घेतला, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक पाठबळ दिलं, आणि गर्दुल्ला म्हणून ज्याला लोक दारात उभं करत नव्हते, त्याच्यासाठी एक दार उघडलं.

म्हणजे येरवड्यात दोन दरवाजे झाले. एक उपचारांचा, दुसरा शिक्षेचा. आता ज्याला गर्दचं व्यसन आहे आणि ज्याने त्या व्यसनापायी चोरीही केली आहे, त्याने कोणत्या दारातून आत जायचं? आपली व्यवस्था या प्रश्नाचं उत्तर फार लवकर देते. चोरी केली ना, मग तुरुंग. उपचारांचं नंतर बघू. हे 'नंतर' सहसा येत नाही. याच विषयावर मी आज आपल्याशी बोलणार आहे.

मी फौजदारी न्यायालयात वकिली करते. विधी साहाय्याच्या कामानिमित्त तुरुंगातल्या माणसांशी बोलणं होतं. पण एका कुणाची कहाणी सांगण्यापेक्षा, अशा अनेक कहाण्यांमध्ये जे सारखं असतं, तेच आपल्यापुढे ठेवते.

समजा, तेवीस वर्षांचा एक मुलगा आहे. दोस्तांच्या संगतीत पन्नीवर गर्द ओढायला लागला. सुरुवातीला मजा म्हणून. काही महिन्यांत मजा संपली आणि गरज उरली. पुडी मिळाली नाही तर अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, झोप लागत नाही. व्यसनी मुलं याला 'टर्की' म्हणतात. ती चुकवण्यासाठी रोज पैसा लागतो. आधी घरातली भांडी जातात, मग आईच्या अंगावरचं किडूकमिडूक, मग शेजाऱ्याचा मोबाइल, मग रस्त्यावरची सायकल. पोलीस पकडतात. कोठडीत टर्की सुरू होते. ती पाहून कुणी म्हणतं नाटक करतोय, कुणी म्हणतं भोगू दे कर्माची फळं. आठ-दहा दिवसांत शरीर थोडं सावरतं. तीन-चार महिने तुरुंगात जातात. मुलगा अंगाने भरतो, चेहऱ्यावर तेज येतं. भेटीला आलेल्या आईला वाटतं, चला, निदान व्यसन तरी सुटलं.

आणि इथेच आपण फसतो. सुटलेली असते ती टर्की. व्यसन तिथेच असतं. मेंदूने जी ओढ शिकून घेतलेली आहे, ती चार भिंतींमुळे झोपी जाते, मरत नाही. मुलगा सुटतो, त्याच गल्लीत येतो, तेच दोस्त, तोच कोपरा. काम कुणी देत नाही. आठवडाभरात पहिली पुडी, महिन्याभरात पुढची चोरी. पोलिसांच्या दफ्तरी तो आता सराईत होतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आत जातो. शिक्षा प्रत्येक वेळी पूर्ण झालेली असते, आणि ज्या कारणाने गुन्हा घडला त्याला कुणी हातही लावलेला नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार.

सुटकेनंतरचे दिवस दुसऱ्याही अर्थाने धोक्याचे असतात. रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला मोठी मात्रा सोसण्याची सवय झालेली असते. तुरुंगात काही महिने काढल्यावर ही सवय जाते. मुलाला मात्र आपली जुनी मात्राच आठवत असते. बाहेर येऊन तो तेवढीच घेतो आणि श्वास बंद पडतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट होता. अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट. न्यायालयाने तीन महिन्यांची शिक्षा दिलेली असते. देहान्ताची दिलेली नसते.

आपल्याला वाटेल, आपला कायदाच कडक आहे, न्यायाधीश तरी काय करणार? कायदा कडक आहे, हे खरं. अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला आपण इंग्रजी आद्याक्षरांवरून एनडीपीएस म्हणतो, १९८५ साली आला. त्याच्या २७व्या कलमानुसार अमली पदार्थाचं नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन, म्हणजे गर्दमधला मुख्य पदार्थ, किंवा मॉर्फिन, कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण याच कायद्यात उपचारांसाठीही दारं ठेवलेली आहेत, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसतात. कलम ३९ सांगतं, की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातला माल जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर न्यायालय त्याला लगेच शिक्षा न सुनावता, त्याच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारांसाठी पाठवू शकतं. उपचार सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात किंवा संस्थेत व्हायला हवेत. एक वर्षाच्या आत त्यांचा अहवाल न्यायालयापुढे यायला हवा. अहवाल समाधानकारक असेल, तर समज देऊन आणि तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तनाचं बंधपत्र घेऊन त्याला सोडता येतं. अल्प प्रमाण म्हणजे किती? हेरॉइनसाठी पाच ग्रॅम, गांजासाठी एक किलो. ही मर्यादा २००१ च्या अधिसूचनेने ठरलेली आहे.

दुसरं कलम ६४-अ. आरोपी व्यसनी असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि तिसरं कलम ७१, ज्याखाली व्यसनी माणसांना ओळखण्यासाठी आणि त्यांच्या उपचारांसाठी सरकारला केंद्रं काढता येतात. विकणाऱ्याला कठोर शिक्षा आणि व्यसनात अडकलेल्याला सावरण्याची संधी, असा भेद कायदा करणाऱ्यांनी कागदावर तरी केलेला आहे.

मग प्रत्यक्षात काय होतं? 'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने पंजाबातल्या २०१३ ते २०१५ या वर्षांतल्या तेरा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास करून २०१८ साली अहवाल प्रसिद्ध केला. या कायद्याखाली न्यायालयाने एखाद्या व्यसनी आरोपीला उपचारांसाठी पाठवल्याचं एकही उदाहरण त्यांना सापडलं नाही. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत चाललेल्या सेवनाच्या खटल्यांचाही याच संस्थेने अभ्यास केला. जवळपास सगळ्याच आरोपींनी गुन्हा कबूल केलेला होता आणि बहुतेकांची सुटका दंड भरून झाली होती.

असं का होत असेल? न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्याला याची कारणं दिसतात. 'गुन्हा कबूल आहे' एवढं म्हटलं की दंड भरून संध्याकाळपर्यंत घरी जाता येतं. उपचारांची मागणी केली, तर तारखा, अर्ज, वैद्यकीय तपासणी, केंद्र शोधणं, अहवाल. गरीब आरोपीला आणि त्याच्या वकिलाला दंड सोपा वाटतो. दुसऱ्या बाजूला, मुंबईत २००१ साली कोकेनच्या प्रकरणात अटक झालेल्या एका चित्रपट अभिनेत्याला याच ६४-अ कलमाचं संरक्षण मिळालं, पण ते २०१२ साली. ज्याच्या पाठीशी चांगले वकील आणि पैसा आहे, त्यालाही या दारातून बाहेर यायला अकरा वर्षं लागतात. मग पुलाखाली झोपणाऱ्या पोराचं काय?

दुसरी अडचण याहून खोल आहे. व्यसनी माणूस अनेकदा चोरीच्या गुन्ह्यात आत येतो. त्याच्या खिशात पुडी सापडलेलीच नसते. मग कलम ३९ आणि ६४-अ त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याच्या कागदपत्रांत व्यसनाचा उल्लेखही नसतो. कलम ३९ तर दोष सिद्ध झाल्यानंतरच लागू होतं, आणि आपल्या तुरुंगांमध्ये २०२२ च्या अखेरीस सुमारे ७६ टक्के माणसं कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. निकाल लागेपर्यंत माणूस दोन वेळा जामिनावर सुटून दोन वेळा परत आलेला असतो.

इथे १९५८ चा एक जुना कायदा उपयोगी पडू शकतो. गुन्हेगार परिवीक्षा कायदा. त्याच्या चौथ्या कलमाखाली न्यायालय दोषी माणसाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतं, त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं, आणि अटी घालताना नशेपासून दूर राहण्याची अटही घालू शकतं. हे शब्द त्या कायद्यात आहेत. चोरीच्या गुन्ह्यालाही हा कायदा लागू होतो. पण नुसतं 'नशा करू नकोस' असं बंधपत्रावर लिहून घेतलं आणि उपचारांची सोय केली नाही, तर ते तापाच्या रोग्याकडून 'ताप येऊ देणार नाही' असं लिहून घेण्यासारखं आहे.

उपचारांची सोय किती आहे, तेही पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. अफूजन्य पदार्थांच्या वापरामुळे ज्यांना मदतीची गरज आहे, अशा माणसांची संख्या त्यात सुमारे ७७ लाख धरलेली आहे. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या चारांपैकी एकालाच आयुष्यात कधी तरी काही उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला वीसात एक.

असं असूनही आपल्या देशात काहीच झालं नाही, असं मात्र नाही. दिल्लीत १९८७ साली किरण बेदी पोलीस उपायुक्त असताना 'नवज्योती'चं काम सुरू झालं. पोलीस ठाण्यांच्या जागेत व्यसनमुक्ती केंद्रं चालू लागली. रोज रोज त्याच पोरांना पकडून सोडण्यापेक्षा त्यांचं व्यसन सोडवलं तर चोऱ्या थांबतील, हा साधा पोलिसी विचार त्यामागे होता. १९९३ ते १९९५ या काळात त्या तिहार तुरुंगाच्या महानिरीक्षक होत्या. तेव्हा शिक्षण, ध्यान आणि समुपदेशन यांच्या जोडीला व्यसनमुक्तीचं कामही तुरुंगाच्या भिंतींआड गेलं. २००८ साली तिहारमध्येच बुप्रेनॉर्फिन या औषधाने उपचार सुरू झाले. पुढे पंजाबमध्ये हेच औषध देणारी बाह्यरुग्ण केंद्रं सरकारने २०१७ पासून उघडली आणि ती सोय तिथल्या कारागृहांतही नेली.

हे औषध काय करतं, ते थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची असते. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं, तिथेच ती बसते. त्यामुळे टर्की येत नाही, ओढ कमी होते, आणि ठरलेल्या मात्रेत घेतली तर तशी झिंगही येत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. मेथाडोन हे याच कामाचं दुसरं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधांचा २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' असं कुणी म्हटलं, तर मी विचारते, मधुमेह्याला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं म्हणून आपण त्याला इन्सुलिनचा व्यसनी म्हणतो का?

आता या उपचारांनी गुन्हे खरंच कमी होतात का? कारण शेवटी समाजाला त्याच्याशी मतलब आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रँकलिन आणि हॅम्पशायर अशी दोन शेजारशेजारची कौंटी आहेत. कौंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. दोन्ही ग्रामीण वळणाच्या, दोन्हीकडे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाचा प्रश्न सारखाच. फ्रँकलिनच्या तुरुंगाने कैद्यांना बुप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात केली. हॅम्पशायरच्या तुरुंगात ते २०१९ पर्यंत मिळत नव्हतं. २०१५ ते २०१९ या काळात दोन्ही तुरुंगांतून बाहेर पडलेल्या अशा व्यसनी कैद्यांचा माग संशोधकांनी काढला आणि २०२२ साली निष्कर्ष मांडले. औषध देणाऱ्या तुरुंगातून सुटलेल्यांपैकी ४८ टक्के पुन्हा गुन्ह्याच्या कचाट्यात सापडले. न देणाऱ्या तुरुंगातले ६३ टक्के.

हे आकडे जादूचे नाहीत. औषध मिळूनही जवळपास निम्मे परत आलेच. पण शंभरातले पंधरा परत आले नाहीत, याचा अर्थ काय होतो? पंधरा माणसांनी पुढच्या चोऱ्या केल्या नाहीत, पंधरा घरांत पोलीस आले नाहीत, आणि ज्यांच्याकडे चोरी व्हायची होती, त्यांना ते कधी कळणारही नाही. गुन्हा न घडण्याची बातमी होत नाही.

त्याच देशातल्या ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ साली आपल्या संपूर्ण तुरुंग व्यवस्थेत ही औषधं उपलब्ध केली आणि सुटकेनंतरही बाहेरच्या दवाखान्यांत ती चालू राहतील, अशी व्यवस्था केली. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत तिथे अतिमात्रेने जे १७९ मृत्यू झाले, त्यांतले २६ नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्यांचे होते. पुढच्या वर्षी त्याच सहा महिन्यांत १५७ पैकी नऊ. तुरुंगाच्या दाराशी उपचारांचा धागा तुटला नाही, एवढ्यानेच हा फरक पडला.

न्यायालयाच्या पातळीवरचा प्रयोग याहून जुना आहे. फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहरात १९८९ साली अमेरिकेतलं पहिलं 'ड्रग कोर्ट' सुरू झालं. कोकेनच्या गुन्ह्यांनी तिथली न्यायालयं आणि तुरुंग तुडुंब भरले होते. जॅनेट रीनो तेव्हा तिथल्या सरकारी वकील होत्या. त्या पुढे देशाच्या ॲटर्नी जनरल झाल्या. या न्यायालयाची पद्धत वेगळी आहे. आरोपी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याची शिक्षा किंवा खटला तहकूब राहतो. मग तो दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला त्याच न्यायाधीशापुढे उभा राहतो. लघवीची तपासणी होते. समुपदेशक आणि परिवीक्षा अधिकारी अहवाल देतात. चांगलं चाललं असेल तर न्यायाधीश भर कोर्टात शाबासकी देतात. तपासणीत नशा आढळली तर थोडी शिक्षा, जास्त हजेऱ्या, उपचारांत वाढ. पण एकदा घसरला म्हणून लगेच वर्षभर आत टाकत नाहीत, कारण व्यसनातून उठताना माणूस घसरतो, हे तिथे गृहीत धरलेलं असतं.

अमेरिकी न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने अशा २३ न्यायालयांचा मोठा अभ्यास करून घेतला. त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. दीड वर्षानंतर विचारलं तेव्हा ड्रग कोर्टातून गेलेल्यांपैकी ५६ टक्क्यांनी आदल्या वर्षात नशा केल्याचं सांगितलं, इतरांत ७६ टक्क्यांनी. गुन्हा केल्याचं सांगणारे ४० टक्के, इतरांत ५३. पुन्हा अटक होण्यातही ५२ आणि ६२ टक्के असा फरक दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो तितका ठाम ठरला नाही. या न्यायालयांवर टीकाही झालेली आहे. अवघड माणसांना वगळून सोपे आरोपी निवडतात, असा आक्षेप आहे. काही न्यायाधीश तर बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन घ्यायलाच मनाई करत असत. म्हणजे डॉक्टरचं काम न्यायाधीशाने हातात घेतलं. तेव्हा आपण त्यांची नक्कल करावी, असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे न्यायाधीश त्या माणसाला पुन्हा पुन्हा भेटतो. आपल्याकडे आरोपीला तारीख भेटते.

'म्हणजे गुन्हेगारांचे लाड करायचे का?' असं मला अनेकदा विचारलं जातं. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याचा राग मी समजू शकते. पण त्याचं खरं हित कशात आहे? चोर तीन महिने आत राहून चौथ्या महिन्यात पुन्हा दाराशी यावा यात, की तो पुन्हा येऊच नये यात? शिक्षेला माझा विरोध नाही. चोरी ही चोरीच, आणि विकणाऱ्या टोळ्यांशी तर कोणतीही दयामाया नको. माझं म्हणणं एवढंच आहे, की शिक्षेचे दिवस वाया जाऊ नयेत. माणूस तसाही आपल्या ताब्यात आहे, शुद्धीवर आहे, नियमित जेवतो आहे. उपचार सुरू करायला यापेक्षा चांगली वेळ कोणती?

दुसरा प्रश्न असतो सक्तीचा. माणसाची इच्छा नसताना उपचार होतात का? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. 'तुरुंग किंवा उपचार, तू निवड' असं सांगणं हा दबाव आहे, पण त्यात निवड आहे, आणि आपल्या कलम ३९ मध्येही संमतीची अट आहे. दबावाखाली आलेला माणूसही चांगल्या समुपदेशकाच्या हाती पडला, तर हळूहळू स्वतःसाठी थांबू लागतो. मात्र माणसाला उचलून कोंडायचं, साखळीने बांधायचं, मारहाण करायची आणि त्याला व्यसनमुक्ती म्हणायचं, हा उपचार नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी २०१२ साली एकत्र येऊन अशी सक्तीची कोंडवाडेवजा केंद्रं बंद करा, असं आवाहन केलं होतं. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. म्हणजे व्यसनी माणूस हा रुग्ण आहे आणि रुग्णाचे हक्क त्याला आहेत. याच कायद्याच्या १०३व्या कलमात प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावं, असंही म्हटलेलं आहे.

आणखी एक खबरदारी. सगळं व्यसन गर्दचं नसतं. महाराष्ट्रात मेफेड्रोन, म्हणजे ज्याला पोरं 'एमडी' म्हणतात, ते पसरलं आहे. २०१५ साली त्याचा समावेश अमली पदार्थांच्या यादीत झाला. त्यावर बुप्रेनॉर्फिन चालत नाही, तशी पर्यायी गोळी नाही. तिथे समुपदेशन, नियमित तपासणी, आणि तपासणी स्वच्छ आली की छोटंसं बक्षीस देण्याची पद्धत उपयोगी पडते. तेव्हा तुरुंगात आलेला माणूस नेमकं काय घेतो, हे आधी विचारलं पाहिजे. सगळ्यांना एकच काढा पाजून चालणार नाही.

मग करायचं काय? माझ्या मते सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होऊ शकते. तुरुंगात दाखल होताना जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात व्यसनाबद्दल चार प्रश्न नीट विचारावेत आणि उत्तर कागदावर यावं. टर्कीत असलेल्या माणसाला डॉक्टर मिळावा. मध्यवर्ती कारागृहांत औषधोपचार आणि समुपदेशन सुरू व्हावं. दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर आपल्या जिल्ह्यातल्या सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रांची यादी असावी, म्हणजे कलम ३९ वापरायचं मनात आलं तर 'पाठवू कुठे' हा प्रश्न आडवा येणार नाही. परिवीक्षा अधिकाऱ्यांची संख्या वाढावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, सुटकेच्या दिवशी कैद्याच्या हातात त्याच्या सामानाबरोबर बाहेरच्या दवाखान्याची चिठ्ठी आणि दुसऱ्या दिवशीची वेळ असावी. पहिले दोन आठवडे सांभाळले, तर पुढचं पुष्कळ सांभाळलं जातं.

घरच्यांनाही माझी एक विनंती आहे. मुलाला अटक झाली, की घरचे लोक लाजेने त्याचं व्यसन लपवतात. 'आमचा मुलगा तसा नाही' असं वकिलाला सांगतात. तसं करू नका. व्यसनाची गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, आधी उपचार घेतले असतील तर त्यांचे कागद द्या. न्यायालयापुढे ती माहिती असेल, तरच ही कलमं वापरता येतील. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी साहाय्यासाठी १५१०० आणि व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. लिहून ठेवा, आपल्याला नाही तर शेजारच्या कुणाला लागतील.

आणि जो सुटून आला आहे, त्याला पहिल्या महिन्यात एकटं सोडू नका. त्याच्यावर पाळत ठेवा, असं मी म्हणत नाही. सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, दुपारी जेवायला बसवा, ओळखीच्या कुणाकडे दोन पैशांचं काम मिळत असेल तर शब्द टाका. न्यायालयाला जे सहा महिन्यांत जमलं नाही, ते कधी कधी एवढ्याने जमतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)